‘पी’ नसलेली गाडी

“फाटकापाशी गाडी थांबवली, पीवर टाकली आणि खाली उतरले,” वृषाली सांगत होती. “आबा फाटक उघडत होते. तेवढ्यात गाडी आपोआप पुढं गेली.”

हवालदारांनी वहीतून डोकं न काढता विचारलं, “पीवर म्हणजे?”

“पार्किंगवर.”

“म्हणजे लॉक केली होती?”

“हो.”

मी जिना चढून नुकतीच हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर पोचले होते. माझ्या भावाचा, राजनचा, फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात होते. मिळेल ती एसटी पकडून रत्नागिरीला आले, तोवर दुपारचे तीन वाजले होते. काचेच्या दारापलीकडे माझे वडील होते. आबांच्या कंबरेचं हाड मोडलं होतं, तीन बरगड्या गेल्या होत्या आणि श्वासासाठी तोंडात नळी घातली होती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच अंगणात घरच्याच गाडीनं फाटकाच्या खांबावर दाबलं होतं. गाडी चालवत होती माझी भावजय. तसं तीच सांगत होती.

खरं तर मी धावत त्या काचेपाशी जायला हवं होतं. पण माझे पाय एका अक्षरापाशी अडकले.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. तेव्हा त्या नोकरीला चौदा वर्षं झाली होती. राजननं ती गाडी आठ महिन्यांपूर्वी घेतली होती आणि गणपतीत मी ती पाहिलीही होती. त्या गाडीच्या गिअरला पी नव्हतं. न्यूट्रलचं एन होतं, पुढं जायचं ए होतं, रिव्हर्सचं आर होतं. पी नव्हतंच.

आठ महिने रोज ती गाडी चालवणाऱ्या बाईला हे माहीत नसेल?

हवालदार गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता आणि नखांच्या कडेला कणीक वाळून बसली होती.

“कुठं निघाला होतात तुम्ही?” मी विचारलं.

“बाजारात.”

माझी नजर खाली गेली. “अनवाणी?”

तिनं स्वतःच्या पायांकडं असं पाहिलं, जणू ते तिलाही आत्ताच दिसत होते. “चप्पल राहिली असेल कुठंतरी घाईत.”

मी हळूच हात सोडवून घेतला.

आबा बावीस वर्षं मस्कतला होते, एका कंपनीच्या गाड्या चालवायला. तिकडं सगळ्या ऑटोमॅटिक. परत आल्यावर त्यांनी पुण्याहून मुद्दाम एक जुनी ऑटोमॅटिक शोधून आणली आणि ती पार खिळखिळी होईपर्यंत चालवली. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली. राजन नोकरीनिमित्त गोव्यात, आठवड्याला घरी येणारा. त्यामुळं हे सांगायचं आणि पाळायला लावायचं काम वृषालीवर पडलं. जुनी गाडी विकली. नवीन आली, तिची चावी ती लपवून ठेवायची. आबा मला फोनवर म्हणायचे, “तुझ्या भावजयीनं मला माझ्याच घरात कैदी करून ठेवलाय गो.” मी म्हणायचे, ती तुमच्या भल्यासाठीच करतेय. पण दर वेळी फोन ठेवला की ते वाक्य डोक्यात राहायचंच.

संध्याकाळी राजन आला. रात्र आम्ही बाकावर काढली आणि सकाळी मी अंघोळीला म्हणून घरी गेले. घर चढावर आहे. वर घर आणि अंगण, तिथून गाडीवाट उताराला लागते आणि खाली जांभ्याच्या दोन खांबांमध्ये लोखंडी फाटक. फाटक मोडून बाहेरच्या बाजूला लोंबत होतं. गाडी लोकांनी चार हात मागं ढकलून ठेवली होती आणि चाकाखाली चिरा लावला होता.

शेजारच्या सावंतकाकू कुंपणापाशी आल्या.

“तुला सांगू की नको असं झालंय बघ,” त्या म्हणाल्या आणि लगेच सांगायला लागल्या. “सकाळी दोघांचं वाजलेलं. आबा चावी मागत होते. ही ओरडली, नाही म्हणजे नाही! मी इकडून ऐकलं. मग शांत झालं सगळं. पंधरा-वीस मिनिटांत तो आवाज आला. मी धावले, तर आबा खांबाला चिकटलेले आणि ही गाडीला हातांनी मागं लोटत होती. वेड्यासारखी.”

“गाडीतून तिला उतरताना बघितलंत तुम्ही?”

“नाही बाई. मी आले तेव्हा ती बाहेरच होती.”

“आणि भांडणानंतर दोघं मिळून बाजारात निघाले?”

काकूंनी ओठ मुडपले. “तेच तर मी म्हणते.”

मी गाडीचं दार उघडलं. चावी कुणीतरी फिरवून बंद केलेली, पण अजून तिथंच होती. हँडब्रेक खाली. गिअरचा दांडा पुढं, एनवर. म्हणजे न्यूट्रल. मी कितीतरी वेळ त्या दांड्याकडं बघत उभी राहिले. मग राजनला फोन केला आणि घरी बोलावलं.

तो आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी त्याला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं.

“पी दाखव,” मी म्हणाले.

“पी कुठं आहे हिला?”

“वृषालीनं पोलिसांना सांगितलंय की तिनं पीवर टाकली.”

त्यानं दांड्यावरचा हात काढला. मग म्हणाला, “बोलून गेली असेल. त्या वेळी डोकं ठिकाणावर असतं का कुणाचं?”

“ऐक. आबांची जुनी गाडी होती ना, ती खरी ऑटोमॅटिक. तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये आपली नेहमीची क्लचप्लेट नव्हतीच. मध्ये तेलानं भरलेला एक डबा. आत दोन पंखे समोरासमोर. इंजिन एक पंखा फिरवतं, तो तेल ढकलतो, तेल दुसऱ्या पंख्याला फिरवतं. लोखंडाला लोखंड चिकटलेलं नाही, म्हणून इंजिन बंद केल्यावर चाकांना धरून ठेवणारं तिथं काही उरत नाही. त्यासाठी पी. पीवर टाकलं की एक जाड खुंटी चक्राच्या दातांत जाऊन बसते. गाडी जागची हलत नाही.”

“आणि ही?”

“ही अर्धीच ऑटोमॅटिक. आत साधा गिअरबॉक्स आहे, अगदी जीपगाडीत असतो तसा. साधी क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायला तुझ्या पायाऐवजी एक मोटर, गिअर बदलायला तुझ्या हाताऐवजी दुसरी. पायाखाली दोनच पेडल, म्हणून लोक हिलाही ऑटोमॅटिक म्हणतात. हिला ती खुंटी नाही, कारण गरज नाही. गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद केलं की क्लच आपला आपण बसतो आणि इंजिनच चाकांना धरून ठेवतं. कर.”

त्यानं चावी फिरवली, ए टाकला, इंजिन बंद केलं. मी चाकाखालचा चिरा काढला. गाडी इंचभर कुरकुरली आणि उतारावर तशीच उभी राहिली.

“आता ब्रेक दाबून ठेव, आणि चावी लावून एनवर घे. मग ब्रेक सोड. हँडब्रेकवर हात असू दे.”

गाडी निघाली. आवाज नाही, धक्का नाही. राजननं घाबरून हँडब्रेक ओढला.

“वृषाली फाटकापाशी काय करते?” मी विचारलं.

तो पुढच्या काचेतून त्या खांबाकडं बघत होता. “इंजिन बंद करते. गिअरमध्ये ठेवते. वर हँडब्रेक. मीच शिकवलंय तिला. एकदाही विसरली नाही.”

“आणि काल तिन्हीतलं काहीच केलं नाही. न्यूट्रलवर टाकली, आबा पुढं असताना. आणि वर पोलिसांना सांगितलं, पीवर टाकली होती.”

“ताई, तू काय बोलतेयस?”

“मी काहीच बोलत नाही. गाडी काय सांगतेय तेवढं दाखवलं.”

त्या दुपारी त्यानं तिला हॉस्पिटलच्या आवारात विचारलं. मी दोन पावलांवर उभी होते.

“वृषाली, गाडी कुणी चालवली? आणि एनवर कशी गेली?”

तिनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझ्याकडं जरा जास्त वेळ.

“मी सांगितलंय ते सांगितलंय,” ती म्हणाली.

“पी नाहीये त्या गाडीला!”

“मला माहितेय.”

“मग?”

“आबांना बरं होऊ दे. मग बोलू.”

आणि आबा बरे झालेच नाहीत तर? हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला नाही, पण माझ्या मनात त्याचं उत्तर तयार होतं. नाही झाले, तर ती म्हणेल तेच खरं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अतिदक्षता विभागाच्या नर्सला बाजूला घेतलं आणि सांगितलं, पेशंटच्या सुनेला एकटीला आत सोडू नका. नर्सनं कारण विचारलं. मी म्हटलं, पोलीस केस आहे.

तासाभरानं वृषाली आली. हातात आबांचे धुतलेले कपडे होते. नर्सनं तिला दारात थांबवलं आणि काहीतरी सांगितलं. वृषालीनं काही विचारलं नाही. कपड्यांची पिशवी बाकावर ठेवली आणि जिना उतरून गेली. संध्याकाळी राजननं सांगितलं, ती लांज्याला आईकडं गेलीय. मी म्हणाले, “बघ.” एवढंच. पण त्या एका शब्दात मी किती भरलं होतं, ते मला आजही आठवतं.

पाचव्या दिवशी आबांची नळी काढली. डॉक्टर म्हणाले, थोडंच बोलू द्या. मी त्यांच्या तोंडाशी कान नेला.

“वृषाली कुठंय?” पहिला प्रश्न.

“घरी आहे. तुम्ही बोलू नका.”

“तिला त्रास दिला काय पोलिसांनी?”

“तिला कशाला देतील?”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. मग ते सलग नाही, पण थांबत थांबत बोलत राहिले.

“मी चालवत होतो गो. तिचा काही संबंध नाही. ती आत कणीक मळत होती. फक्त फाटकाबाहेर काढतो, रस्त्याच्या कडेला लावतो, एवढंच बोललो. ती नाहीच म्हणत होती. मग तुला फोन लावला.”

मी कान आणखी जवळ नेला.

“तुला विचारलं ना मी, ही आपल्या जुन्या गाडीसारखीच ना? तू म्हणालीस, हो. मग तिचाही नाइलाज झाला. म्हणाली, तांदळाच्या डब्यात आहे चावी, पण फाटकापर्यंतच. मी फाटकाशी थांबलो. मस्कतला करायचो तसंच केलं. दांडा सरळ पुढं, शेवटपर्यंत. पी. खाली उतरलो.”

त्या गाडीचा दांडा सरळ पुढं ढकलला की शेवटी एन लागतं. आर डावीकडं आहे. ज्याला अक्षरं नीट दिसत नाहीत आणि ज्याच्या हाताला तीस-पस्तीस वर्षांची सवय आहे, त्याच्यासाठी शेवटची खाच म्हणजे पी.

“मग गाडी आली,” आबा म्हणाले. “मी बघतोय, तरी कळेना की ती कशी येतेय. पीवर टाकली होती ना मी! रिक्षातून आणताना वृषालीला तेच सांगत होतो. पीवर टाकली होती, पीवर टाकली होती. आणि सांगितलं तिला, मी चालवत होतो म्हणून कुणाला सांगू नको. आंधळा म्हातारा म्हणतील. तिनं तुझं नाव पण घेतलं नसेल बघ.”

त्या सकाळचा तो फोन मला तेव्हा आठवला. मी वर्गात होते. टेबलावर कापून उघडा केलेला गिअरबॉक्स होता आणि चाळीस मुलं समोर. फोन वाजला तसा उचलला. “हो हो आबा, ऑटोमॅटिकच ती. वर्गात आहे, नंतर करते.” मोबाइलवर पाहिलं. अकरा सेकंद. त्या अकरा सेकंदांत मी त्यांना जे सांगितलं, तेच परीक्षेत एखाद्या मुलानं लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच लांज्याला गेले. वृषालीची आई मला ओसरीवर बसवून पाणी आणायला आत गेली. वृषाली परसात होती. सुकत घातलेल्या लाल मिरच्या सुपात भरत होती. मला पाहून उठली नाही.

“आबा बोलले?” तिनं विचारलं.

“हो.”

“कसे आहेत?”

“बरे होतील म्हणतात डॉक्टर.” मी उभीच होते. “वृषाली, फोनवर मी काय म्हणाले, ते तू ऐकलं होतंस?”

“स्पीकरवर होता. माझे हात कणकेत होते, मीच लावायला सांगितलं स्पीकरवर. म्हटलं, ताईंना विचारा, त्यांना यातलं कळतं.”

“मग त्याच दिवशी का नाही सांगितलंस? मी तुझ्यावर काय काय...”

तिनं सूप खाली ठेवलं. “आधी आबांसाठी गप्प बसले. रिक्षात माझा हात धरून रडत होते ते, आंधळा म्हणतील म्हणून. मग तुम्ही हॉस्पिटलमध्ये आलात, तेव्हा म्हटलं, ह्यांना कळलं तर ह्या जन्मभर स्वतःला खातील. म्हणून तुमच्यासाठी गप्प बसले. मग त्या नर्सनं मला दारात अडवलं.”

“आणि मग?”

“मग बोलायची इच्छाच राहिली नाही. राजनलाही माझ्यापेक्षा गाडीचंच पटलं.”

मी तिच्या समोर खाली बसले. माफी मागितली, ती कशी मागितली ते लिहिण्यासारखं नाही. ती ऐकत होती. मध्ये एकदा उठून तिनं उन्हातली दुसरी चटई सावलीत ओढली आणि पुन्हा येऊन बसली.

“राजनला सांगितलंत?” तिनं शेवटी विचारलं.

“अजून नाही.”

“फोनचं पण सांगणार?”

हा प्रश्न तिनं अगदी साधेपणानं विचारला. पण मला कळलं की ती माझी परीक्षा घेत नाहीये. मला खरंच मोकळीक देतेय. मी न सांगता सुटू शकले असते. आबा थकलेले, त्यांना फारसं बोलवत नव्हतं, आणि तिनं तर सहा दिवस तोंड उघडलं नव्हतं.

“सगळं सांगणार,” मी म्हणाले.

त्याच संध्याकाळी आबांच्या खाटेपाशी मी राजनला सगळं सांगितलं. फोनचं, नर्सचं, सगळं. त्यानं आबांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाला, “तू शिकवतेस ना हे ताई? पोरांना?” मी हो म्हणाले. त्यानंतर तो लांज्याला गेला. त्या दोघांत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दोन दिवसांनी ती परत आली. आबांनी हवालदारांना बोलावून स्वतःचा जबाब दिला आणि वर त्यांनाच बजावलं, “सुनेचं नाव खोडा. नीट खोडा, खाली दिसता कामा नये.” सुनेचा पहिला जबाब मायेपोटी होता, एवढं समजून वरच्या साहेबांनी तो विषय तिथंच मिटवला.

आबा त्यानंतर पाच वर्षं जगले. वॉकर घेऊन फिरायचे. वृषाली त्यांना दर गुरुवारी त्याच गाडीतून समुद्रावर न्यायची. ते पुढं बसायचे आणि सगळ्या वाटेत तिला गाडी कशी चालवायची ते सांगायचे, आणि ती ऐकून घ्यायची. शेवटच्या दिवसांत ते तिच्याच हातून जेवायचे, माझ्या नाही.

मी अजूनही सुट्टीत रत्नागिरीला जाते. माझ्या आवडीची सोलकढी ती विसरत नाही, ताई म्हणते, माझ्या मुलीसाठी कोकमं बांधून देते. तिनं मला त्या दिवसांवरून कधी एक शब्द ऐकवला नाही. पण स्वयंपाकघरात मी सहज विचारलं, “भात झाला का गं?” तर ती लगेच हो म्हणत नाही. आधी झाकण काढते, भांडं माझ्याकडं कलतं करून मला आतला भात दाखवते, आणि मग म्हणते, “झाला, ताई.”